एक नाही, दोन नाही

जावई घरात आला की आधी बूट काढतो आणि मग तोंड मिटतो, ही सारिनाबाईंची अवनेरबद्दलची जुनी तक्रार होती. आजही तो बफेलोहून बायको-मुलाला घेऊन आला, ओल्या बुटांची जोडी दारातल्या चटईवर नीट लावून ठेवली, "शालोम, आई" म्हणाला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला असा बसला, की खुर्चीलाही कळू नये कुणी बसलंय. रस्ता कसा होता विचारलं, तर मान हलवली. अमेरिकेच्या बॉर्डरवर किती खोळंबलात विचारलं, तर खांदे उडवले. एक नाही, दोन नाही.

"माझ्या बापाच्या घाण्याला बैल होता," सारिनाबाई कढीत डाव फिरवत लेकीला म्हणाल्या, "तोसुद्धा हाक मारली की हुं करायचा."

एरवी जुडिथ अशा वेळी हसायची आणि नवऱ्याची बाजू घ्यायची. आज ती हसली नाही, बाजूही घेतली नाही. नारळाच्या दुधाचं पातेलं उगाच इकडचं तिकडं केलं. सारिनाबाईंच्या ध्यानात आलं, की हिच्या पोटात काहीतरी आहे. पण त्यांनी विचारलं नाही. पोटातलं आपल्या पायांनी बाहेर येतं, ओढून काढलं तर अर्धं आतच राहतं, असा त्यांचा हिशेब.

शिवाय दिवसही तसा नव्हता. आज सोलोमनची, त्यांच्या नवऱ्याची वर्षी. हिब्रू पंचांगातला शेवाट महिना, बाहेर हॅमिल्टनची थंडी, आणि खाली बेसमेंटमध्ये पांढऱ्या चादरी घातलेल्या खुर्च्या. खजूर, केळी, उकडलेली अंडी, सांदणं, सगळं सकाळपासून मांडून झालं होतं. सूर्य मावळायच्या आत प्रार्थना व्हायला हवी, आणि प्रार्थनेत गेलेल्याच्या नावानं कद्दीश म्हणायचा तर दहा यहुदी पुरुष हवेत. दहाच्या जागी नऊ असले तर बाकीचं सगळं म्हणता येतं, कद्दीश तेवढा म्हणता येत नाही. मग मेलेल्या माणसाच्या नावानं काही झालंच नाही असं व्हायचं.

एके काळी ह्या बेसमेंटमध्ये बसायला जागा पुरत नसे. सोलोमन झिराडकर पोलादाच्या कारखान्यात लागला, त्याच्या मागोमाग अलिबागेकडची, मुंबईची कितीतरी बेने इस्राएल यहुदी घरं हॅमिल्टनला आली. पुरुष भट्टीवर, बायका कुठं कुठं. सारिनाबाईंनी सगळी हयात हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालण्यात काढली. इंग्रजी तिथंच शिकल्या, घडीसारखंच, चार कोपरे जुळवून. तिसरीत शाळा सुटली होती, पण सुपरवायझर बाईला उलट बोलायला तेवढं शिक्षण पुरलं. पुढे कारखान्यात माणसं कमी झाली. पोरं टोरंटोकडे सरकली, मार्कहॅमला घरं घेतली, कुणी कॅलगरी गाठली. म्हातारी गेली. आता हॅमिल्टन आणि आसपासचे मिळून आठच उरले होते. अवनेर आणि लेवी बफेलोहून आले म्हणजेच दहा भरायचे. सोलोमनला मुलगा नाही. कद्दीश म्हणायचा तो अवनेरनंच, गेली कितीतरी वर्षं. सगळं वर्षभर न बोलणारा माणूस तेवढ्या वेळी मात्र खणखणीत म्हणायचा. सारिनाबाईंना त्याचंही मनातून कुठंतरी लागायचं. बोलता येतं तर.

जावयाला त्या पहिल्यापासून अहो-जाहो करत आल्या होत्या. लोकांना वाटायचं मान देतात. मानासाठी नव्हतं ते. मध्ये अंतर राहावं म्हणून होतं.

लेवी तेवढा त्यांचा लाडका. जुडिथचा एकुलता एक, बफेलोच्या कॉलेजात राज्यकारभाराचं काहीतरी शिकणारा. तो आला तो थेट खजुराच्या ताटाकडं. आजीचा हात त्याच्या मनगटावर बसला.

"अजून बेराखा म्हणायचीय त्यावर. हात मागं घे."

"खात नाही, आजी. आय ॲम टीचिंग." त्यानं बापाकडं पाहिलं. "डॅड, शुड आय?"

अवनेरनं मान हलवली.

लेवीनं दोन रिकाम्या ताटल्या ओढल्या, एकीत कमी खजूर ठेवले, दुसरीत जास्त. ही आमच्या बफेलोची न्यूयॉर्क स्टेट, ही टेक्सस. मग त्यानं अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत समजावायला सुरुवात केली. अमेरिकेचा प्रेसिडेंट लोकांच्या मतांची एकच मोठी बेरीज करून निवडत नाहीत. प्रत्येक स्टेटला ठरावीक मतं दिलेली असतात. ज्या स्टेटमध्ये माणसं जास्त, त्याची मतं जास्त. दर दहा वर्षांनी डोकी मोजतात आणि मतं पुन्हा वाटतात. सगळ्यांची मिळून मतं तेवढीच राहतात, वाढत नाहीत, त्यामुळं एका ताटलीत खजूर वाढला की दुसऱ्या कुठल्या तरी ताटलीतला जातो. पूर्वी न्यूयॉर्कचं ताट सगळ्यांत भरलेलं होतं. कारखाने बंद पडले, थंडीला कंटाळून लोक दक्षिणेकडं गेले, आणि मोजणी झाली की दर वेळी एखाददुसरा खजूर उडतो. मागच्या मोजणीत न्यूयॉर्कचा एक गेला, टेक्ससला दोन मिळाले.

"पण ती माणसं तिथंच आहेत ना? उरलेली?" सारिनाबाईंनी विचारलं.

"आहेत. बट दे काउंट फॉर लेस."

"म्हणजे जाणारा जातो आणि राहणाऱ्याची किंमत कमी करून जातो."

लेवी थबकला. मग म्हणाला, हो, साधारण तसंच. आणि त्यातली गंमत त्यानं पुढं सांगितली. मागच्या वेळी न्यूयॉर्कचा तो एक खजूर गेला, तो फक्त एकोणनव्वद माणसं कमी भरली म्हणून. एवढ्या मोठ्या स्टेटात एकोणनव्वद.

"एवढे तर आमच्या लग्नात नुसते फुकटे जेवून गेले," सारिनाबाई म्हणाल्या.

"आणि त्यातले काही कुणामुळं कमी झाले, माहितीय? बिकॉज ऑफ यू, आजी."

आता मात्र जुडिथच्या तोंडावर हसू आलं. ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. साथीच्या वर्षी जुडिथच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून सारिनाबाई बफेलोला गेल्या होत्या आणि बॉर्डर बंद झाल्यावर तिथंच राहिल्या. अवनेरनं मोजणीचा फॉर्म भरला नव्हता. ज्या कामाला बोलावं लागत नाही तेही तो पुढं ढकलतो, असं सारिनाबाईंचं म्हणणं. उन्हाळ्यात एके दिवशी मास्क लावलेला एक माणूस पिशवी घेऊन दारात आला. घरात ह्या एकट्या. त्यानं विचारलं, हाऊ मेनी पीपल लिव्ह हिअर?

आता माणसं मोजायची नाहीत, हे सारिनाबाईंना आजीनं शिकवलेलं. दावीद राजानं माणसं मोजली तर महामारी आली. मोजलीच पाहिजेत अशी वेळ आली तर उलटं मोजायचं, म्हणजे नजर चकते. लहानपणी पोरंसोरं अंगणात जेवायला बसली की आजी बोट न दाखवता म्हणायची, एक नाही, दोन नाही, तीन नाही. आणि इथं तर महामारी आधीच दाराबाहेर उभी. सारिनाबाईंनी हाताची घडी घालून त्या माणसाला सांगितलं, "नॉट वन. नॉट टू. नॉट थ्री."

त्या माणसानं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच, जरा मोठ्यानं सांगितलं. तो थँक्यू म्हणून गेला. त्यानं काय लिहून घेतलं, हे आजवर कुणाला कळलं नाही.

"तीन म्हणाले मी. स्वच्छ," सारिनाबाईंनी ठणकावलं. "तुझ्या अमेरिकेला मराठी पद्धत कळत नाही, त्याला मी काय करू?"

"आजी, त्यानं प्रॉबेबली झिरो लिहिलं."

"मग एकोणनव्वदातली तीन माझी. बाकीच्यांच्या आयाबाया कोण होत्या ते शोधा जा."

सगळे हसले. अवनेरच्याही मिशीत काहीतरी हललं. सारिनाबाईंना क्षणभर बरं वाटलं, की वर्षीच्या दिवशी घरात हसू आहे, सोलोमनला आवडलं असतं. आणि तेवढ्यात लेवीनं न्यूयॉर्कच्या ताटलीतला एक खजूर दोन बोटांत उचलला आणि टेक्ससच्या ताटलीत ठेवला.

"हे काय आता?"

"हे आम्ही, आजी." त्याचा आवाज उतरला. "वुई आर नॉट अ होल डेट, एक अख्खा खजूरही नाही, पण... आम्ही जातोय. टेक्ससला. मी पण तिथल्या कॉलेजला ट्रान्सफर घेतोय."

गॅसवरची कढी फुटायला आली होती, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. जुडिथनं मग सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत. अवनेर काम करायचा ते मशीन शॉप हनुक्काच्या सणाआधीच बंद झालं. बफेलोत ह्या वयाला कुणी घेत नाही. ह्यूस्टनजवळच्या एका कारखान्यानं बोलावलंय. भाड्याचं घर बघून झालंय. आई, तू पण चल, तिथं बर्फ नाही. शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली.

सारिनाबाईंनी गॅस बंद केला. बफेलो म्हणजे गाडीनं तासाभराचा रस्ता. सणाला लेक, आजारपणाला लेक, फोनवर आवाज जरा बारीक वाटला की संध्याकाळी दारात लेक. टेक्सस म्हणजे विमान. आणि बेसमेंटमधल्या चादर घातलेल्या खुर्च्यांतून दोन खुर्च्या कायमच्या रिकाम्या. आठ माणसांत कसला कद्दीश? सोलोमनचं नाव ह्या घरात आज शेवटचं उठणार होतं, आणि ते त्यांना दोन ताटल्या मांडून सांगण्यात आलं होतं.

लेवीनं चाचरत सुचवलं, की गावात मोठं सिनेगॉग आहे, तिथं माणसांना तोटा नाही.

"तिथं सोलोमन कोण होता ते कुणाला ठाऊक आहे रे? त्यांचा सूर वेगळा, त्यांना आपलं कीर्तन ठाऊक नाही. नाव विचारतील, स्पेलिंग विचारतील." मग त्या अवनेरकडं वळल्या. आवाज चढला नाही. त्यांचा आवाज धार लागली की उलट खालीच जायचा. "जावईबापू, तुम्हाला तोंड नाही? पोराला पुढं करून, खजुरात गुंडाळून सांगता? मुलगा असता सोलोमनला, तर तो उठून असा गेला नसता."

अवनेरनं त्यांच्याकडं पाहिलं. ओठ हलल्यासारखे झाले. मग तो उठला, दारातले बूट घातले, कोट घेतला आणि बाहेर गेला. दार मात्र त्यानं हलकेच ओढून घेतलं. आपटलं असतं तर सारिनाबाईंना सोपं गेलं असतं.

तोवर मंडळी यायला लागली. कुणी काठी टेकत, कुणी सुनेचा हात धरून, टोप्या सावरत, बर्फ झटकत बाजूच्या दारानं बेसमेंटमध्ये उतरली. त्यांच्याबरोबर नेहमीसारखे शेजारचे दीनानाथ पाटणकरही आले. सोलोमनबरोबर एकाच पाळीला भट्टीवर उभे राहिलेले. यहुदी नव्हेत, पण वर्षीला त्यांनी कधी खाडा केला नाही. खिशातली टोपी डोक्यावर ठेवायची, मागच्या खुर्चीत बसायचं, आणि आमेन म्हणताना सगळ्यांच्या पुढं. दर वर्षी ते एकदा तरी म्हणायचे, वहिनी, मला धरा की दहावा. आणि सारिनाबाई म्हणायच्या, तुम्ही अकरावे बरे, भावजी.

लेवीला पूर्वी ह्याचं फार नवल वाटे. आज तो आईच्या कानाशी बोलला, की अमेरिकेत मत नसलेल्या माणसालाही मोजतात, आणि इथं सगळ्यांत आधी येऊन बसतो त्यालाच मोजत नाहीत. जुडिथनं त्याला गप्प केलं.

प्रार्थना चालवणारे थोरले नवगावकर चष्मा पुसत उभे राहिले. आकड्यांनी माणसं मोजायची नसतात, म्हणून हिब्रूतलं एक दहा शब्दांचं वचन म्हणत प्रत्येक माणसाकडं नुसती नजर टाकायची, एका माणसाला एक शब्द. वचन पुरं झालं की माणसं पुरी. नवगावकर म्हणत गेले. सारिनाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या. एकेक शब्द एकेकावर पडत गेला. लेवीवर पडला. मग म्हाताऱ्याचं डोकं खोलीभर फिरलं, दीनानाथांवरून पुढं सरकलं, आणि शेवटचा शब्द कुणावरच पडला नाही. तो त्यांनी म्हटलाच नाही. चष्मा पुन्हा काढून पुसायला लागले.

"अवनेर येतोय ना?" त्यांनी विचारलं. "ऊन उतरतंय."

खिडकी बेसमेंटची, जमिनीलगतची. तिच्यातून येणारा उजेड खरंच पिवळा झाला होता.  दीनानाथ म्हणाले, मी बोलावून आणतो. सारिनाबाईंनी लेकीकडं पाहिलं. जुडिथ भिंतीला टेकून उभी होती.

"मी नाही जाणार, आई," ती हळू म्हणाली. "तू बोललीस. तू जा."

सारिनाबाईंना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. सुपरवायझर बाईनंही नाही. त्यांनी पदर खोचला, वरून सोलोमनचा जुना जाडा कोट चढवला आणि बाजूच्या दारानं बाहेर पडल्या.

त्यांना वाटलं होतं, अवनेर गाडीत बसला असेल, हीटर लावून, फुगून. गाडी रिकामी होती. सकाळपासून पडलेला बर्फ ड्राइव्हवेवर नव्हता. पार रस्त्यापर्यंत काळं डांबर दिसत होतं, दोन्ही कडांना बर्फाचे बांध सरळ रेषेत घातलेले. पायऱ्यांवर मीठ टाकलेलं. मंडळींच्या गाड्यांच्या काचा पुसलेल्या, एकूण एक. आणि अवनेर पाठमोरा, फावडं घेऊन, बेसमेंटच्या दारापासून फाटकापर्यंतची अरुंद वाट शोव्हल करत होता. म्हाताऱ्यांना अंधार पडल्यावर ह्याच वाटेनं जायचं होतं.

सारिनाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं, की दर वर्षी वर्षीच्या दिवशी ही वाट मोकळी असते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कुणी केली. घरातलं काम आपोआप झालं असं वाटतं, तेव्हा कुणीतरी न बोलता केलेलं असतं, हे त्या लाँड्रीत नव्या पोरींना सांगायच्या. पोरींना सांगायच्या.

चाहूल लागून अवनेर वळला. फावडं बर्फात रोवून त्यावर हात ठेवला. नाक लाल झालं होतं.

"आई, थंडीत कशाला आलात?"

त्यांनी कोटाची कॉलर वर ओढली. मग तोच बोलला, आणि इतकं सलग बोलला, की सारिनाबाईंना ऐकताना त्याच्या तोंडाकडं बघत राहावं लागलं.

"मला महिन्यापूर्वीच बोलावलं होतं त्यांनी. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांची वर्षी आहे, तेवढी करून येतो. त्यांना वर्षी म्हणजे काय ते कळेना. म्हणाले, दुसरा माणूस बघतो. मग परत फोन आला, या म्हणून. तुम्हाला सांगायला तीनदा फोन उचलला, आई. तुमचा आवाज आला की मी जुडिथकडं द्यायचो." तो थांबला. "पुढच्या वर्षी इथं कोण म्हणेल, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. तिकडं मी एकटा म्हणेन, पण एकट्यानं म्हटलेला चालत नाही."

समोरच्या घराच्या छपरावर सूर्य टेकला होता. रस्त्यावरून मीठ टाकणारी गाडी घरघरत गेली, तिचा पिवळा दिवा दोघांच्या अंगावरून फिरला. सारिनाबाईंनी हात पुढं केला आणि त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला. जरा जोरातच झटकला. मग फावडं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि भिंतीला लावून ठेवलं.

"अवनेर, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "जावई म्हणून तू मला कधी पटला नाहीस, आणि आज पटलास असंही नाही. पण तू आलास की ह्या घरातली माणसं पुरी व्हायची, हे मी नाकबूल केलं तर वर गेल्यावर सोलोमन मला दारात उभं करणार नाही. आता आधी आत चल, आमचं अडलंय. आणि मग जा तुझ्या टेक्ससला. तिथंही कुणाच्या तरी घरी म्हातारीकोतारी एका माणसासाठी दाराकडं बघत बसली असतील. त्यांना जाऊन पुरा पड."